वानगी एक, माल दुसरा : खरेदीदाराच्या नकाराधिकाराची वऱ्हाड-चांद्यातील वाटचाल

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुनी दप्तरे चाळून काही इतिहासपर लेखन करावे, अशी सूचना विश्वस्त मंडळाने केली, तेव्हा लाल कापडात बांधलेल्या त्या गठ्ठ्यांतून काय निघेल याची मला कल्पना नव्हती. देणगीच्या पावत्या, चातुर्मासाच्या पत्रिका आणि सभांची इतिवृत्ते यांच्यामध्ये एक पातळसा पत्रव्यवहार हाती लागला. सभामंडपासाठी मागविलेल्या पांढऱ्या फरशीसंबंधीचा तो होता. नमुना म्हणून आलेला तुकडा दुधासारखा शुभ्र होता; मालमोटारीतून उतरलेल्या फरशीत मात्र पिवळसर शिरा होत्या. मागणीपत्रात खाणीचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. आलेला दगड त्या खाणीचा नव्हेच, असा गवंड्याचा निर्वाळा होता.

त्या वेळच्या विश्वस्तांत दोन मते पडली. एकाचे म्हणणे, माल जसाच्या तसा परत पाठवावा. दुसऱ्याचे म्हणणे, प्रतिष्ठेचा मुहूर्त तोंडावर आला आहे, किंमत कमी करून घ्यावी आणि काम पुढे न्यावे. विचारविनिमय चालू असतानाच गवंड्याने मंडपाचा एक तृतीयांश भाग बसवूनही टाकला. विक्रेत्याला तक्रारीचे पत्र गेले ते त्यानंतर, सुमारे दोन महिन्यांनी. त्याचे उत्तर दोनच ओळींचे होते. फरशी बसविली आहे, तेव्हा आता परत काय घ्यायचे, असा त्याचा सवाल होता. अखेर बिलातून थोडी रक्कम कापली गेली आणि विषय संपला.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मालविक्रीचा कायदा शिकविण्यात माझे आयुष्य गेले. ज्या फरशीवर बसून आपण सारे सामायिक करतो, तिच्यातच त्या कायद्याची चार कलमे जडविलेली आहेत, हे मला या वयात कळले. मागितले एक आणि आले दुसरे, अशा वेळी ‘हे मला नको’ असे म्हणण्याचा अधिकार खरेदीदाराला केव्हापासून आहे, तो कसा घडत गेला आणि तो हातातून केव्हा निसटतो, याचा हा अल्प शोध आहे. त्यातील महत्त्वाचे टप्पे आपल्याच परिसरात, कारंजाच्या कापूस बाजारात आणि ऊर्जानगरच्या कोळशाच्या ढिगाऱ्यापाशी सापडतात, म्हणून हा विषय आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचा ठरावा.

क्रीतानुशय : खरेदीनंतरचा पश्चात्ताप

हा अधिकार इंग्रजांनी आणला, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. आपल्या प्राचीन व्यवहारशास्त्रात खरेदी-विक्रीनंतर होणाऱ्या पश्चात्तापाला ‘अनुशय’ असा शब्द आहे, आणि क्रय-विक्रयाचा अनुशय हे मनुस्मृतीत वादाचे स्वतंत्र प्रकरण मानले गेले आहे. तेथे सर्वसाधारणपणे दहा दिवसांची मुदत सांगितली आहे. एका जिनसात दुसरी जिन्नस मिसळून विकू नये, हेही मनूने सांगून ठेवले आहे.

कौटिल्याने याच विषयाला अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात स्थान दिले. व्यवहार फिरविण्यासाठी व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन रात्री आणि गोपालकाला पाच रात्री, अशी त्याची मांडणी आहे. ज्याचा बाजाराशी रोजचा संबंध, त्याला कमी मुदत. ज्याचा संबंध विरळ, त्याला अधिक मुदत, हा त्यामागील विवेक आजही पटावा असा आहे. चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण हा विषय येतो. तेथे हलक्या वस्तूला अस्सल म्हणणारा आणि एका ठिकाणच्या मालाला दुसऱ्या ठिकाणचा म्हणून खपविणारा, असे दोघेही दंडास पात्र ठरतात. आमच्या फरशीचा विक्रेता या दुसऱ्या वर्गात मोडला असता!

याज्ञवल्क्यस्मृतीने तर वस्तुपरत्वे परीक्षेचे दिवस मोजून दिले आहेत. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच दिवस, रत्नांना सात दिवस आणि बियाण्याला दहा दिवस. लोखंडाचा कस घणाखाली तत्काळ कळतो. गाय किती दूध देते हे दोन-तीन धारांत समजते. बियाणे मात्र ओल देऊन उगवून पाहावे लागते, म्हणून त्याला अधिक दिवस. त्याच यादीत दास-दासींच्या परीक्षेची मुदतही आहे, हे वाचताना मन विषण्ण होते. परंतु इतिहास लिहिताना ते लपविणे योग्य नव्हे. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली ती कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात. महाराष्ट्रात पुढे शतकानुशतके हीच टीका प्रमाण मानली गेली.

रोमन लोकांतही असाच विचार होता. तेथील बाजार-अधिकाऱ्यांच्या आज्ञापत्रानुसार दोष लपवून जनावर किंवा गुलाम विकल्यास खरेदीदाराला ठरावीक मुदतीत व्यवहार उलटविता येई.

प्रतिरूपक व्यवहार

हा प्रश्न आपल्या आचारधर्माला अगदी थेट स्पर्श करतो. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे, माप-वजनात कमीअधिक करणे आणि पाचवा ‘प्रतिरूपक व्यवहार’. खऱ्यासारखे दिसणारे खोटे देणे, असा याचा अर्थ. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत तो बनावट सोन्यासारख्या वस्तूंनी केलेल्या फसवणुकीच्या व्यवहाराच्या आधारे विशद केला आहे. समंतभद्रांच्या रत्नकरंडकश्रावकाचारात याच दोषाला ‘सदृशसन्मिश्र’ म्हटले आहे, म्हणजे सारखी दिसणारी वस्तू मिसळणे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. स्मृतिकार खरेदीदाराच्या बाजूने बोलतात, त्याला दिवस मोजून देतात. आपले आचार्य विक्रेत्याच्या बाजूला उभे राहून बोलतात. त्यांनी मुदत दिली नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ग्राहकाने हरकत घेण्यापूर्वीच दोष घडलेला असतो. ग्राहकाला कळले नाही म्हणून अतिचार टळत नाही. आपल्यापैकी बहुतेकांची घरे दुकानांवर आणि अडतीवर उभी राहिली. म्हणून हा भेद आपण विशेष लक्षात ठेवला पाहिजे.

पांढरे सोने आणि काळे व्यवहार

आता आपल्या भागाकडे वळू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. इंग्लंडची दृष्टी हिंदुस्थानाकडे, त्यातही वऱ्हाड आणि मध्य प्रांताकडे वळली. हिंगणघाटचा कापूस हिंदी कापसात उत्तम म्हणून नावाजला गेला. कापसाला सोन्याचा भाव आला आणि भावाबरोबर भेसळही आली. चांगल्या रुईत हलकी रुई मिसळणे, सरकी व धूळ तशीच ठेवणे, वजन वाढावे म्हणून पाणी मारणे, आणि दुसऱ्या प्रदेशातील हलका कापूस ‘हिंगणघाट’ या नावाने गाठीत भरणे, हे प्रकार सर्रास होऊ लागले. गाठ दाबून बांधली की आत काय आहे हे लिव्हरपूलला ती फोडल्यावरच कळणार! मुंबई इलाख्यात कापसातील लबाडी रोखण्यासाठी १८२९ मध्येच एक विनियम झाला होता. १८६३ मध्ये त्यासाठी नवा कायदा करावा लागला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी स्वतंत्र कॉटन कमिशनर नेमला गेला तोही याच दशकात. पुढे १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आला. तो मुख्यतः वरोऱ्याच्या कोळशासाठी होता, परंतु कापसाच्या गाठींनाही त्याने वाट दिली. कापूस आणि कोळसा एकाच रुळावरून धावू लागले, ही नोंद पुढील विवेचनासाठी वाचकांनी मनात ठेवावी.

दंड करून लबाडी थांबत नाही, हे लवकरच दिसून आले. त्यावर वऱ्हाडात निघालेला उपाय पुढे साऱ्या देशाने उचलला. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाखाली आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. आज गावोगावी दिसणाऱ्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे मूळ तेथे आहे. कारंजा म्हटले की आपल्याला आठवतात ती सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ यांची भट्टारकपीठे, तेथील हस्तलिखितांचे भांडार आणि १९१८ मध्ये स्थापन झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रम. ज्या गावाने ग्रंथ जपले, त्याच गावात व्यापाराच्या शुद्धतेचाही पहिला प्रयोग व्हावा, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. अर्थात सरकारचा हेतू धार्मिक नव्हता. मँचेस्टरला स्वच्छ कापूस वाजवी दरात हवा होता, इतकेच.

नियंत्रित बाजाराचे मर्म असे की, माल उघड्यावर, सर्वांच्या देखत पाहिला जावा, वजन परवानाधारक मापाऱ्याने करावे आणि वाद झाल्यास तो जागेवरच मिटावा. ज्यांनी बाजार समितीच्या आवारात उमेदवारी केली, त्यांना ‘वांधा’ हा शब्द नवा नाही. वरच्या थरात एक माल आणि खाली दुसरा निघाला की खरेदीदार वांधा घालतो, आणि वांधा समिती माल पाहून कटती ठरविते किंवा सौदा मोडते. कायद्याच्या पुस्तकातील नकाराधिकार बाजाराच्या बोलीत ‘वांधा’ होऊन नांदतो आहे.

पुढे १९२३ मध्ये कापूस वाहतुकीचा कायदा झाला. चांगल्या कापसाच्या प्रदेशात बाहेरचा हलका कापूस मिसळण्यासाठी आणू नये, हा त्याचा उद्देश. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक केले. वर्णन आणि ते करणारा, दोन्ही गाठीवरच उमटले. गाठ बिघडली तर ती कोणाच्या दारात न्यायची, हे त्यामुळे ठरले.

कायद्याच्या पुस्तकात

१८७२ च्या करार कायद्यात मालविक्रीचे एक स्वतंत्र प्रकरण होते. त्याच्या ११३ व्या कलमाने असे ठरविले की, एखाद्या व्यापारी नावाने माल विकला, तर तो बाजारात त्या नावाने ओळखला जाणाराच असला पाहिजे, मग खरेदीदाराने नमुना पाहिलेला असो वा ढीग तपासलेला असो. त्याखाली दिलेल्या उदाहरणांपैकी एक कापसाचे आहे. एका व्यापाऱ्याने नमुना घेऊन आणि माल पाहून ‘फेअर बेंगॉल’ कापसाच्या शंभर गाठी घेतल्या. नंतर तो कापूस बाजारात त्या नावाने ओळखला जाणारा नव्हे असे निघाले. खरेदीदाराने डोळ्यांनी पाहूनही विक्रेता जबाबदार! ‘पाहून घेतलेत ना?’ या दुकानदारी उत्तराला कायद्याने इतक्या पूर्वीच छेद दिला होता.

वर्णन म्हणजे केवळ दर्जा नव्हे, हे १८७७ मध्ये इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे आलेल्या एका खटल्याने स्पष्ट केले. तोही हिंदुस्थानच्या मालाचाच. बोव्ज विरुद्ध शँड या नावाने तो ओळखला जातो. मद्रासचा तांदूळ १८७४ च्या मार्च किंवा एप्रिलमध्ये जहाजावर चढवायचा, असा करार होता. बहुतांश पोती फेब्रुवारीतच चढविली गेली. तांदळात खोट असल्याचा प्रश्नच नव्हता. तरीही खरेदीदाराला तो नाकारता आला, कारण ‘मार्च-एप्रिलमध्ये चढविलेला तांदूळ’ हे मालाचे वर्णन होते आणि आलेला माल त्या वर्णनाचा नव्हता.

१९३० मध्ये मालविक्रीचा स्वतंत्र कायदा झाला आणि १ जुलै १९३० पासून तो अमलात आला. इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्याचा साचा त्याला होता. आजही व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील व्यवहार याच कायद्याने चालतात, म्हणून त्यातील मोजकी कलमे आपण जाणून घ्यावीत.

१५ व्या कलमानुसार वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, ही अट न लिहिताही करारात असते. वर्णन आणि नमुना असे दोन्ही असतील, तर नमुन्याशी जुळणे पुरेसे नाही. वर्णनाशीही जुळले पाहिजे. ही अट मोडली, तर खरेदीदाराला करार मोडून माल नाकारता येतो. ४१ वे कलम सांगते की, आधी न तपासलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला, असे मानता येत नाही. ४३ वे कलम आणखी उदार आहे. नाकारलेला माल स्वखर्चाने परत पोहोचविण्यास खरेदीदार बांधील नाही. ‘मी नाकारला’ एवढे विक्रेत्याला कळविले की पुरे.

मात्र या साऱ्याच्या मध्ये ४२ वे कलम उभे आहे. खरेदीदाराने स्वीकार कळविला, किंवा मालाशी मालकासारखे वर्तन केले, किंवा वाजवी मुदत उलटेपर्यंत काही न बोलता तो ठेवून घेतला, तर माल स्वीकारला असे समजले जाते. त्यानंतर १३ व्या कलमानुसार साधारणतः नकाराचा अधिकार संपतो आणि उरतो तो फक्त नुकसानभरपाईचा. आपल्या विश्वस्तांचे नेमके तेच झाले. फरशी बसविणे हे मालकाचे वर्तन, आणि दोन महिन्यांचे मौन ही उलटलेली मुदत. विक्रेत्याचे वागणे नीतीला धरून नव्हते. पण त्याचे दोन ओळींचे उत्तर कायद्याला धरून होते.

ऊर्जानगरचा काळा दगड

कापूस नाकारता येतो, फरशी उचलता येते. पण जी वस्तू हातात पडताच जळून जाते, तिचे काय? हा प्रश्न आपल्या वसाहतीच्या दारातलाच आहे.

१९८३ मध्ये चंद्रपूर औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि दुर्गापूरच्या माळावर ऊर्जानगर वसले. जुने दोन संच निवृत्त झाल्यावर आणि नवे दोन आल्यावर या केंद्राची स्थापित क्षमता आज २,९२० मेगावॅट आहे. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर कोळसा खाणी सरकारी मालकीच्या झाल्या, १९७५ मध्ये कोल इंडिया आणि नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपन्या स्थापन झाल्या. त्यामुळे वीज केंद्र हा मोठा खरेदीदार आणि समोर जवळजवळ एकच विक्रेता, अशी स्थिती निर्माण झाली.

कोळशाचे वर्णन म्हणजे त्याची प्रत. पूर्वी ती राख आणि ओलावा यांवरून काढलेल्या उपयुक्त उष्णतामूल्यानुसार ‘ए’ पासून ‘जी’ पर्यंत सात अक्षरांत सांगितली जाई. १ जानेवारी २०१२ पासून एकूण उष्मांकानुसार ‘जी-१’ ते ‘जी-१७’ अशा सतरा प्रती झाल्या. एक प्रत साधारण ३०० किलोकॅलरीची. समजा, बिल ‘जी-९’ चे आले, म्हणजे किलोमागे सुमारे ४,७५० किलोकॅलरी, आणि बंकरमध्ये पडला तो ‘जी-११’, म्हणजे सुमारे ४,१५० किलोकॅलरीचा कोळसा. मग जेथे १०० टन लागले असते तेथे ११४ टनांहून अधिक जाळावे लागेल. दळणयंत्रे अधिक झिजतील, राख अधिक पडेल, आणि त्याचा भार अखेर वीजबिलातून आपल्या प्रत्येकावर येईल. बिल मात्र वरच्या प्रतीचे! कोळशाबरोबर दगड आले, तर ते वेगळेच.

येथे १५ व्या कलमाचा आधार आहे, पण त्याचा उपयोग काय? कोळसा नाकारला तर संच बंद पडतो. घेतला तर तो जळतो, आणि जळलेला कोळसा परत करता येत नाही. दुसऱ्या दुकानात जावे, तर दुसरे दुकानच नाही.

अखेर महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनीने, म्हणजे आपल्या महानिर्मितीने, मालविक्रीच्या कायद्याचा रस्ता सोडून २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. कोल इंडिया आणि तिच्या उपकंपन्या आपल्या प्रबळ स्थितीचा गैरवापर करून इंधनपुरवठा करारात एकतर्फी अटी लादतात, असे तिचे म्हणणे होते. गुजरातच्या वीज कंपनीनेही अशीच तक्रार केली. ९ डिसेंबर २०१३ रोजी आयोगाने तक्रारदारांच्या बाजूने निर्णय दिला, १,७७३.०५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि नमुना घेण्याच्या व तपासणीच्या अटींत बदल करण्याचे आदेश दिले. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो निर्णय रद्द करून प्रकरण परत पाठविले. मार्च २०१७ मध्ये आयोगाने पुन्हा दोष ठेवला, दंड मात्र ५९१.०१ कोटी रुपयांचा केला. सरकारी कंपनीला स्पर्धा कायदा लागूच होत नाही, हा मुद्दा कोल इंडियाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १५ जून २०२३ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. दरम्यान २०१६ पासून केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेसारख्या त्रयस्थाकडून खाणीवर नमुने घेण्याची पद्धत रूढ होऊ लागली.

या प्रकरणात दुसरीही बाजू आहे, ती नोंदविणे न्यायाचे ठरेल. कोळसा एकजिनसी नसतो. एकाच थरात प्रत बदलते, वाटेत तो भिजतो, उघड्यावर साठविला की काही उष्मांक गमावतो. खाणीवरचा नमुना आणि केंद्रातील नमुना यांत प्रत्येक वेळी लबाडीच असते असे नाही. म्हणूनच नमुना कोणी, कोठे आणि केव्हा घ्यायचा, हाच खरा वाद असतो. कारंजाच्या बाजाराने १८८६ मध्ये जे साधले, माल दोघांच्या देखत आणि त्रयस्थाच्या मापाने पाहणे, तेच कोळशाच्या व्यवहारात यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

याच्या अगदी उलट चित्र विदर्भाने कापसात पाहिले. १९७२ पासून सुमारे तीन दशके चाललेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत खरेदीदार एकच होता आणि विक्रेते लाखो शेतकरी. तेथे ग्रेडरने लावलेल्या प्रतीपुढे शेतकऱ्याचा इलाज चालत नसे. एक विक्रेता असो की एक खरेदीदार, ज्याला दुसरा पर्याय नाही त्याचा नकार कागदावरच राहतो, हा या दोन्ही अनुभवांचा इत्यर्थ आहे.

सामान्य ग्राहकाचा काळ

मालविक्रीचा कायदा व्यापाऱ्याला पेलतो. एक मिक्सर किंवा एक साडी घेणाऱ्याने दिवाणी न्यायालयात कोठवर जावे? या प्रश्नाला महाराष्ट्रातून उत्तर मिळाले. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. घरबसल्या मागविलेली वस्तू जाहिरातीतील वर्णनाप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याने ती परत घेण्यास नकार देऊ नये, असे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. शुद्धता कमी निघाल्यास फरकाच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळतो. पूज्यपादांनी बनावट सोन्याचे उदाहरण दिले होते, त्याची येथे आठवण होते.

एक निर्णय आपल्या शेतकरी बांधवांसाठी महत्त्वाचा आहे. बियाणे उगवले नाही म्हणून शेतकऱ्याने तक्रार केली, की ‘तपासणीसाठी नमुना आणा’ असे त्याला सांगितले जाई. पेरलेले बियाणे मातीतून परत कसे आणावे? १६ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहक आहे, हे मान्य केले आणि त्याने नमुना राखून ठेवावा, अशी अपेक्षा करता येत नाही, असे स्पष्ट केले. पेरलेले बी आणि जळलेला कोळसा यांचे दुखणे एकच आहे. याज्ञवल्क्याने बियाण्याला सर्वांत अधिक वस्तूंच्या पुढे दहा दिवस का दिले, हे येथे नव्याने उमगते.

उपसंहार

या दीर्घ वाटचालीतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. खरेदीदाराने वस्तू वापरण्यापूर्वी तपासावी आणि न जुळल्यास त्याच दिवशी लेखी कळवावे. उशीर आणि वापर या दोहोंनी अधिकार क्षीण होतो. विक्रेत्याने आपल्या बिलाकडे एकदा पाहावे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ आपल्या अनेक दुकानांच्या पावत्यांवर अद्याप छापलेली आहे. सदोष किंवा वर्णनाबाहेरचा माल खपविण्यासाठी ती ग्राहकाविरुद्ध ढाल होऊ शकत नाही. आणि अणुव्रताच्या कसोटीवर तर ती मुळीच टिकत नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या समाजातील व्यापारी बंधूंनी ती ओळ पावतीवरून काढून टाकावी, अशी माझी नम्र विनंती आहे. तिच्यासाठी ना वर्गणी लागते, ना ठराव.

आणि ती फरशी? ती अजून आहे. मंडपाच्या उत्तरेकडील भागात, खांबापासून भिंतीपर्यंत, पिवळसर शिरांचा तो पट्टा नीट पाहिल्यास दिसतो. मध्यंतरी जीर्णोद्धाराच्या वेळी ती बदलावी, असा विचार निघाला होता. ज्या विश्वस्तांनी माल परत पाठविण्याचा आग्रह धरला होता, त्यांनीच त्याला विरोध केला, अशी नोंद इतिवृत्तात आहे. कारण मात्र लिहिलेले नाही. पुढील पिढीने खाली पाहून चालावे, एवढेच कदाचित त्यांच्या मनात असेल.